गाडग्यातला बॅकअप

सिहोऱ्याजवळून,
वैशाख शुद्ध पंचमी

चिरंजीव निकेश यास,

वयाने आशीर्वाद आणि नात्याने नमस्कार. (आपल्याकडे मामाने भाच्याच्या पायाला हात लावायचा असतो. कागदावर वाकणे कमरेला सोयीचे पडते, म्हणून इथे दोनदा वाकलो असे समजावे.) तुझी प्रकृती ठीक असावी. तुझी आई, म्हणजे आमची रुपाताई, फोनवर म्हणते की तू फार वाळला आहेस. पण तू सव्वीस किलोंचा होतास तेव्हाही ती हेच म्हणत असे आणि बहात्तरचा झाल्यावरही हेच म्हणते, तेव्हा या विषयात तिचे वचन मी प्रमाण मानीत नाही. इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या मामीचे गुडघे दुखतात, परंतु माझी एखादी चूक निघाली की दुखायचे थांबतात, त्यामुळे गेला पंधरवडाभर तिला उत्तम आराम आहे. फोन न करता पत्र का, असे तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतोस. पत्रात ती सोय नाही.

दिवाळीत तू चार दिवसांच्या सुट्टीवर आलास आणि आमच्या बियाणेघरात ते यंत्र बसवून गेलास, त्याविषयी हे पत्र आहे. पुण्यात तू रोज बँकांचे आणि विमान कंपन्यांचे डेटाबेस सांभाळतोस, तेव्हा आमचे तुझ्या लक्षात असेलच असे नाही, म्हणून थोडी उजळणी करतो. समाजमंदिरामागच्या खोलीत बायकांनी गावोगाव फिरून जमवलेल्या धानाच्या जुन्या वाणांच्या बरण्या आहेत. आज त्या एकशे सत्त्याऐंशी आहेत. चिन्नोर, लुचई, काळीकमोद, हिरानक्की, आणि काही अशा की त्यांची नावे एकेका घरापलीकडे कोणाला ठाऊक नाहीत. अक्षय्य तृतीयेला बारा गावांचे लोक येतात, बी नेतात आणि पीक आले की आणून देतात. यातले धान म्हणजे डेटा आणि धानाविषयीचे ज्ञान म्हणजे मेटाडेटा, असे तू मला ओट्यावर बसून समजावलेस. कोणत्या क्रमांकाच्या बरणीत कोणता वाण, तो कोणी दिला, किती दिवसांचा, हलका (लवकर येणारा) की भारी (उशिरा), खोलगट बांधीत, म्हणजे खाचरात, चालतो की टेकाड्यावर, हे सगळे यंत्रात. मला ते लगेच पटले. रूप बरणीत आणि नाम यंत्रात, अशी ही वाटणी. आमच्या दर्शनांत नाम आणि रूप वेगळे करायला जन्म खर्ची पडतो. तू ते एका दुपारीत, चिवडा खात खात केलेस.

जाताना तू चार पानांची योजना लिहून दिलीस. ती मी वाचली नाही असा आरोप तू करणार, म्हणून आधीच सांगतो की ती मी सात वेळा वाचली. आम्हा संस्कृतवाल्यांची खोड अशी की ग्रंथ हाती आला की आचरणाच्या आधी भाष्य सुचते. तुझ्या चार पानांवर माझे भाष्य अकरा पाने झाले. तू लिहिले होतेस की मुख्य नोंदी एका डिस्कवर ठेवाव्यात आणि प्रत्येक बदलाची रोजनिशी, म्हणजे तो लॉग, दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे दोन्ही एका वेळी मरणार नाहीत. बी एका बरणीतून निघाले आणि दुसऱ्या घरी पोहोचले, या दोन्ही गोष्टी नोंदल्या जाव्यात किंवा एकही नाही. अर्धवट राहिले तर यंत्र ती नोंद मागे घेते. दर आठवड्याला एक पूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या गावी, कोरड्या जागी ठेवावी. डिस्क तीन चतुर्थांश भरली की सावध व्हावे. आणि जुनी प्रत हाती असली की तिच्यावर रोजनिशी क्रमाने पुन्हा चालवायची, म्हणजे काल जिथे होतो तिथे परत येता येते. हे शेवटचे वाक्य मला इतके आवडले की त्यावर मी दोन पाने खर्च केली.

आता माझ्या भाष्यातले दोन प्रमाद सांगतो. पहिला असा. तू लिहिलेस की दर तीन महिन्यांनी प्रत प्रत्यक्ष उघडून, तिच्यातून सगळे परत उभे राहते का ते पाहावे. मीमांसक म्हणतात की शास्त्रात काही वाक्ये विधी असतात, म्हणजे ती करायची. आणि काही नुसती स्तुती असतात, म्हणजे ती ऐकून बरे वाटून घ्यायचे. हे वाक्य मी दुसऱ्या वर्गात टाकले. दुसरा प्रमाद मोठा. एका जागी तू लिहिलेस, ‘एका गोष्टीची खरी नोंद एकाच ठिकाणी असावी.’ तू हे यंत्राच्या पोटातल्या नोंदींविषयी म्हणत होतास, हे मला आज कळते. तेव्हा मी त्याचा अर्थ असा लावला की नाव जर यंत्रात आहे, तर बरणीवर असता कामा नये. म्हणून ब्लेड आणि रॉकेलचा बोळा घेऊन तीन दिवस बसून सगळ्या बरण्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या मी स्वहस्ते खरवडल्या आणि सुबक अक्षरात नुसते क्रमांक चिकटवले. तिसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई आल्या. (या सिहोऱ्याच्या, बियाणेघराच्या मुख्य, वय पंचाहत्तर, माझ्या आयुष्यात ज्या दोन व्यक्तींपुढे माझा आवाज आपोआप लहान होतो त्यांतल्या एक. दुसरी गुडघेवाली.) त्यांनी बरण्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मास्तर, नावं काहून काढले जी?” मी त्यांना खरी नोंद एकाच ठिकाणी असण्याचे तत्त्व अर्धा तास समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरनी उद्या विचारीन, माहं नाव काय, तं तुमी तिले टीव्हीपाशी घेऊन जासान का?” मी हसलो. हे मुद्दाम नमूद करतो की मी हसलो.

संक्रांतीपर्यंत सारे तुझ्या योजनेप्रमाणे चालले. शेजारची उर्वशी, जी साकोलीच्या कॉलेजात संगणक शिकते, दर रविवारी येऊन नोंदी करी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठरले की बाहेरगावची प्रत चंद्रभागाबाईंच्या घरी ठेवायची. मी प्रतीची डिस्क, म्हणजे ती काळी डबी, त्यांच्या हातात दिली आणि जरा थाटात म्हणालो की आई, यात आपले सगळे बी आहे. वाक्य चुकीचे नव्हते, पण जरा जास्तच बरोबर होते. पुढच्या रविवारी ताजी प्रत काढायला डबी परत आणायला गेलो, तर डबी दिसेना. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवले. बी जसे ठेवायचे तसे त्यांनी ते ठेवले होते. नवे गाडगे, तळाला चाळलेली राख, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, मध्ये स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली डिस्क, पुन्हा पाला, पुन्हा राख, आणि तोंडाला शेणमातीचा लेप. मी म्हटले, हे दर आठवड्याला उघडायचे आहे. त्या म्हणाल्या, “बियाचं गाडगं हप्त्या-हप्त्यानं कोनी खोलते का? हवा लागते त्याले. आता अक्षय्य तृतीयेलेच.” मी माझ्या अकरा पानांच्या भाष्यात या परिस्थितीसाठी काही आहे का ते मनातल्या मनात पाहिले. नव्हते. डबी गाडग्यात राहिली आणि आमची बाहेरगावची प्रत संक्रांतीलाच थांबली. मी स्वतःला समजावले की रोजनिशी तर चालू आहे. जुनी प्रत आणि रोजनिशी मिळून काहीही परत आणता येते. सिद्धांत निर्दोष होता.

मग फाल्गुनात तुझी मामेबहीण हर्षा हिचे लग्न झाले. तू तिकिटाअभावी आला नाहीस, म्हणून सांगतो की चित्रण सिहोऱ्याच्या चौकातल्या विक्कीने केले. (मोबाईल दुरुस्ती, चित्रण आणि पाहुण्यांसाठी कुलर भाड्याने, तिन्ही एकाच दुकानात.) चार कॅमेरे आणि एक ड्रोन. ड्रोनने आपल्या तलावावरून इतके फिरून घेतले की वऱ्हाडापेक्षा बगळे जास्त आले आहेत. हे सगळे ठेवायचे कुठे, असा प्रश्न पडला, तेव्हा माझ्या लक्षात आले की रोजनिशीसाठी तू केवढी तरी मोठी डिस्क दिली आहेस आणि रोजनिशी बिचारी कोपऱ्यात बसली आहे. रिकामी कोठी पाहून आमच्या घरात कोणाला झोप येत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे मी तिथे ओतले. डिस्क काठोकाठ भरली. तीन चतुर्थांशाचे वाक्य मला त्या वेळी आठवले, परंतु ते साध्या नोंदींविषयी असावे, मंगलकार्याविषयी नसावे, असा मी अर्थ लावला.

चैत्रात यंत्राने नवी नोंद घ्यायचे थांबवले. रोजनिशीत लिहायला जागा नाही, आणि जे आधी लिहून ठेवता येत नाही ते मी करणारच नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते पडद्यावर म्हणत होते. हा बाणा मला आवडला. आमच्या शाळेत असा कारकून मिळाला असता तर वीस वर्षांचे भांडण वाचले असते. पण उर्वशी परीक्षेला गेलेली, अक्षय्य तृतीया नऊ दिवसांवर, आणि दारात बरण्या घेऊन बाया उभ्या. मी विक्कीला बोलावले. त्याने पाहून सांगितले की जागा करावी लागेल, काहीतरी उडवावे लागेल. मग आमच्या घरात चहा घेऊन बैठक बसली. एका बाजूला लग्न होते. दुसऱ्या बाजूला आकडे आणि शून्ये यांची नावे असलेल्या शेदोनशे फायली, ज्यांना कोणी उघडून वाचू शकत नव्हते. विक्की म्हणाला, “काय उडवू गुरुजी? लगन का हे अटरमसटरम?” मामीने नुसते माझ्याकडे पाहिले. ठराव एकमताने झाला. अटरमसटरम गेले, म्हणजे रोजनिशी गेली. त्यानंतर यंत्र उघडेच ना. विक्कीचा स्वभाव मदतीचा. तो म्हणाला, “नवं टाकून देतो जी, एकदम चकाचक.” आणि खरोखरच चकाचक झाले. मुख्य डिस्कही त्यात धुऊन निघाली. विक्कीला बोल लावू नकोस. त्याला किल्ली मी दिली, काय पुसायचे तेही मी सांगितले, वर चहाही मीच पाजला.

निकेश, मग मी त्या खोलीत एकटा जाऊन उभा राहिलो. बरण्या सगळ्या होत्या. एक दाणा कमी नव्हता. ओळीने लावलेल्या, पुसलेल्या, माझ्या सुबक अक्षरातले क्रमांक मिरवणाऱ्या. आणि एकही बरणी आपण कोण हे सांगू शकत नव्हती. हलके धान तलावाखालच्या खोलगट बांधीत गेले तर पाण्यात कुजते. भारी धान वरच्या टेकाड्यावर गेले तर दाणा भरायच्या आत पाणी संपते. माझ्या हातून गेलेली एक चुकीची बरणी म्हणजे कोणाच्या तरी घरचे पुरे वर्ष. आणि बायकांनी आठ वर्षे पायी फिरून जमवलेली नावे मी तीन दिवसांत ब्लेडने खरवडली होती. मला त्या खोलीत भाष्य सुचले नाही.

स्कूटर काढून सिहोऱ्याला गेलो. चंद्रभागाबाई अंगणात मोहफुले वाळवीत बसल्या होत्या. मी सगळे सांगितले, काही वगळले नाही. माझी अपेक्षा होती की त्या बरणीवरच्या नावांचा विषय काढतील. त्यांनी काढला नाही. त्यांनी फुले पालथी करीत विचारले, “आन मास्तर, तुमच्या डबीचं बी उगवून पाह्यलं होतं का?” मी नाही म्हटले. त्या म्हणाल्या, “बी ठेवलं म्हंजे बी झालं असं नसते जी. ओल्या फडक्यात दहा दाने टाकाचे. सात-आठ उगवले तं ते बी. नाई तं तो भात.” तुझ्या चार पानांतले जे वाक्य मी स्तुती म्हणून बाजूला ठेवले होते, ते या बाईने कधी न वाचता चार वाक्यांत विधी म्हणून सांगितले. मी म्हटले, गाडगे आज उघडावे लागेल. त्यांना तिथीच्या आधी ते मान्य नव्हते. मी आपद्धर्माविषयी बोलू लागलो. त्यांनी हाताने थांबवले आणि म्हणाल्या, “खोलू. तुमच्यासाठी नाई, धानासाठी.”

उर्वशीला परीक्षेच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी साकोलीहून बसने बोलावले. गाडगे मधोमध ठेवून भोवती पंधरा-वीस बाया. लेप फोडला, पाला काढला, राख काढली. डबीच्या तोंडात थोडी राख गेली होती. उर्वशीने नव्या दातांच्या ब्रशने ती हळूहळू झाडली. मग ती म्हणाली की आधी हिची नक्कल काढू आणि नक्कलच उघडू, मूळ डबीला हात लावायचा नाही. (एकवीस वर्षांची मुलगी. मी तिला रामरक्षा शिकवली होती, त्यामुळे थोडे श्रेय घेतो.) नक्कल निघायला पन्नास मिनिटे लागली. मध्येच एकीने मला विचारले की डबीला वास येत नाही ना. मग पडद्यावर ओळ आली: क्रमांक एक, चिन्नोर. मग दोन. मग उर्वशीने बोटाने वर सरकवत नेले आणि नावे पावसाळ्यातल्या तलावासारखी भरत गेली. चंद्रभागाबाईंनी विचारले, किती उगवले. उर्वशी म्हणाली, “आजी, एकशे सेहेचाळीस ठेवले होते, एकशे सेहेचाळीस उगवले.” त्या म्हणाल्या, “तं बी चांगलं होतं.” त्यानंतर आमच्या बाया जे बोलायला लागल्या ते थांबवायला चहाच आणावा लागला.

राहिल्या संक्रांतीनंतर आलेल्या एक्केचाळीस बरण्या. त्यांची रोजनिशी आम्ही लग्नासाठी बळी दिलेली. तेव्हा तुझा सिद्धांत बायकांनी यंत्राविना चालवला. तारखा कोणालाच ठाऊक नव्हत्या, पण क्रम सगळ्यांना ठाऊक होता. ही बरणी गिरजाबाईची म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. ती गारपिटीच्या आधी की नंतर, यावर दोघी भांडल्या आणि तिसरीने सांगितले की गारपिटीच्या दिवशीच, कारण तिने ती पदराखाली झाकून आणली होती. एकीने नाव सांगितले की दुसरी चार दाणे तळहातावर चोळून, तूस काढून, दातांनी फोडून, होय किंवा नाही म्हणे. एकशे त्रेसष्ट क्रमांकावर दोघींनी हक्क सांगितला आणि निघाले असे की दोघींनी आपापला वाण त्याच बरणीत ओतला होता. म्हणजे नोंदी शाबूत असत्या तर यंत्राने आजवर आम्हाला आत्मविश्वासाने खोटे सांगितले असते. दोघींनी एकमेकींना “तुले दिसत नव्हतं का” असे विचारून घेतले आणि मग सूप घेऊन दाणे निवडायला बसल्या, एकाच सुपात, हसत. तसे चार दिवस गेले. माझे काम फक्त लिहिण्याचे. मी आयुष्यात एवढे आज्ञाधारक लिहिले नव्हते.

परवा अक्षय्य तृतीया झाली. बारा गावांचे लोक आले, बी घेऊन गेले, प्रत्येकाला ज्याचे त्याला मिळाले. आता नावे बरणीवरही आहेत, ऑइलपेंटने, ब्लेडने निघणार नाहीत अशी. लग्न वेगळ्या डिस्कवर गेले आहे. गाडगे आता दर अमावस्येला उघडायचे ठरले आहे, आणि लेप लावण्याआधी चंद्रभागाबाई उर्वशीला म्हणणार, मनात येईल ते पाच आकडे घे आणि त्यांची नावे या डबीतून काढून दाखव. दाखवल्याशिवाय राख टाकणार नाहीत. तुझ्या कंपनीत ही पद्धत असेलच. नसल्यास त्या यायला तयार आहेत, फक्त त्यांना विमानात खिडकी हवी.

तर अशा रीतीने एकशे सत्त्याऐंशीच्या एकशे सत्त्याऐंशी (जवळजवळ) बरण्या नावासह उभ्या आहेत आणि आम्ही सगळे आनंदात आहोत. पोटभर जेवत जा, ताईला सत्य वजन कळवत जा. मामी तुला आशीर्वाद सांगते.

तुझा मामा,
मधुकर

ता. क. वर कंसात ‘जवळजवळ’ लिहिले आहे, ते तुझ्या नजरेतून सुटणार नाही म्हणून सांगतो. क्रमांक एकशे एकाहत्तर कोणालाच ओळखता आला नाही. सगळ्यांनी चावून पाहिला. हलका आहे असे सर्वांचे मत, पुढे एकमत नाही. चंद्रभागाबाई म्हणतात की आता एकच उपाय, पेरून पाहायचा. लोंबी आली की तो स्वतः सांगेल. त्यासाठी वरची, टेकाड्यावरची, स्वतंत्र बांधी हवी, शेजारच्या धानाचा वारा न लागणारी. अशी बांधी आपल्या शिवारात एकच रिकामी आहे. रुपाताईच्या वाट्याची, जी तिने तुझ्या नावे केली आहे आणि जी तू विकायची म्हणतोस. एक हंगाम थांबशील का, एवढेच विचारायचे होते. बाकीचे पत्र त्यासाठीच लिहिले.

ता. ता. क. एकशे एकाहत्तर कोणी आणला, हे तू विचारणारच. मी. चिखल्याला गेलो होतो, तिथे खाणीतून निवृत्त झालेल्या सोमाजींनी चहा पाजून मूठभर बी दिले आणि नाव सांगितले. मी घरी येऊन लगेच यंत्रात नोंदले आणि निश्चिंत झालो. चाळीस बरण्या बायकांना पाठ होत्या. विसरली ती एकट्या लिहिणाऱ्याची. मागच्या आठवड्यात पुन्हा चिखल्याला जाऊन सोमाजींना विचारले. चहा पुन्हा मिळाला. नाव नाही. म्हणाले, “तुमी लिवून घेतलं, म्हून मी सोडून देल्लं जी.”

ता. ता. ता. क. तुझ्या उत्तराची वाट पाहायला हवी होती, पण ट्रॅक्टर परवाच मिळाला, त्यामुळे बांधी नांगरून झाली आहे. तुझी संमती मिळाल्याची नोंदही मी उर्वशीकडून करवून घेतली आहे. अर्धवट राहिलेली नोंद मागे घेता येते हे मला माहीत आहे, तुझ्याच पानांत वाचले. पण ती मागे घेण्यासाठी तुला इथे यावे लागेल, आणि रोवणीच्या सुमारास आलास तर चिखलात उतरल्याशिवाय कोणी तुला यंत्राजवळ जाऊ देणार नाही.